निडीचा पत्ता आणि इंटरनेटवरील नाव : नामशोध व्यवस्थेच्या वेग व दृढतेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या लगतच्या दोन तालुक्यांत निडी हे गावाचे नाव आढळते. नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान याच नावाचे रेल्वे स्थानकही आहे. केवळ ‘निडी’ एवढेच लिहिलेले पत्र, दस्तऐवज अथवा मालाची पावती नेमकी कोठे पोहोचावी, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. महसूल खाते, टपाल खाते आणि रेल्वे या तिन्ही यंत्रणांनी तो आपापल्या पद्धतीने सोडविला. नावावरून ठिकाण शोधण्याचा हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांच्या जाळ्यापुढे उभा राहिला आणि त्यातून डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, ही व्यवस्था जन्मास आली.

संगणक एकमेकांस अंकांच्या पत्त्याने ओळखतात, माणसे मात्र नावाने ओळखतात. जिल्ह्याच्या संकेतस्थळाचे नाव टंकित केल्यावर त्या नावामागील अंकांचा पत्ता शोधून देणे हे या व्यवस्थेचे काम होय. हे काम क्षणार्धात पार पडते, म्हणून ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते थांबले की सर्व्हर सुस्थितीत असूनही बँक, सातबाऱ्याचे संकेतस्थळ आणि निरोपांची देवाणघेवाण एकाच वेळी ठप्प होते.

ही व्यवस्था अधिक वेगवान व अधिक दृढ करण्याचे जे प्रयत्न १९८३ पासून आजपर्यंत झाले, त्यांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. या आढाव्यातून एक सूत्र मांडण्यात येत आहे. नावाचे उत्तर मागणाऱ्याच्या जितके जवळ आणि नावाचा अधिकार जितका विभागलेला, तितकी व्यवस्था वेगवान व दृढ राहते. मूळ रचनेत हे दोन्ही गुण होते. नंतरच्या व्यवहारातील केंद्रीकरणाने त्यांपैकी दुसऱ्या गुणास बाधा आणली.

एका नावाची दोन गावे : तर्फ, तालुका आणि पिनकोड

इंटरनेटच्या कितीतरी आधी महाराष्ट्राच्या महसुली परंपरेने समान नावांचा प्रश्न श्रेणीबद्ध रचनेने सोडविला होता. गावांच्या समूहास ‘तर्फ’ म्हणत आणि गावाच्या नावापुढे तर्फेचे नाव जोडले जाई. ‘मौजे निडी तर्फे अष्टमी, तालुका रोहा’ अशा प्रकारची नोंद त्या परंपरेतील आहे. कुंडलिका नदीकाठच्या अष्टमीचे नाव जोडले गेले की हे गाव इतर निडीपासून वेगळे होते. येथे गावाला नवे नाव द्यावे लागत नाही. एका तर्फेत एकच निडी असली म्हणजे पुरे, शेजारच्या तर्फेत त्या नावाचे गाव असले तरी बाधा येत नाही.

टपाल खात्याने हाच विचार अंकांत उतरविला. श्रीराम भिकाजी वेलणकर (१९१५–१९९९) हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी-नाटककार. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड देशभर लागू करण्यात आला. समान नावाची गावे, अपुरे व चुकीचे पत्ते आणि निरनिराळ्या भाषांतील लेखन यांमुळे पत्रांच्या वर्गवारीत होणारा गोंधळ दूर करणे हा त्यामागील हेतू होता. पेणचा पिनकोड ४०२१०७ आणि रोह्याचा ४०२१०९. पहिला अंक देशाचा विभाग, दुसरा उपविभाग व तिसरा वर्गवारीचा जिल्हा दर्शवितो. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या कार्यालयाचे असतात. नागपूरच्या वर्गवारी कार्यालयास निडी कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. ‘४०२’ हे अंक पाहून थैली योग्य दिशेस लावली की त्याचे काम संपते. पुढील ज्ञान पुढील कार्यालयाकडे असते.

रेल्वेने वेगळा मार्ग स्वीकारला. तिने प्रत्येक स्थानकास रोमन अक्षरांचा स्वतंत्र संकेत दिला आणि त्या संकेतांची एकच मध्यवर्ती यादी ठेवली. स्थानकांची संख्या काही हजारांत असल्यामुळे आणि ती क्वचितच बदलत असल्यामुळे अशी सपाट यादी चालू शकते. नावांची संख्या कोटींच्या घरात गेली आणि ती रोज बदलू लागली की सपाट यादी कोलमडते. इंटरनेटचा आरंभीचा इतिहास हा नेमका असाच आहे.

नाव बदलल्यास जुन्या नोंदींचे काय होते, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तोपर्यंत ‘कुलाबा’ म्हणजे हा जिल्हा की मुंबईतील त्याच नावाचा भाग, हे संदर्भावरून ठरवावे लागे. नामांतरानंतरही जुने नाव लोकांच्या स्मरणात आणि जुन्या कागदपत्रांत राहिले. स्मरणात साठविलेले उत्तर लवकर मिळते, परंतु ते शिळे असू शकते. नामशोधाच्या तंत्रातील सर्वांत चिवट पेच हाच आहे.

एकच यादी ते विभागलेला अधिकार : १९८३ ते १९८७

अमेरिकेतील अर्पानेट या संगणक जाळ्यात आरंभी सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच धारिकेत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहिती केंद्र ती सांभाळत असे. एलिझाबेथ फाइनलर या त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडावयाचा झाल्यास केंद्राला कळवावे लागे आणि सर्व ठिकाणचे व्यवस्थापक ठरावीक काळाने ती धारिका उतरवून घेत. संगणक शेकड्यांत गेल्यावर तीन अडचणी दिसू लागल्या. धारिका उतरविण्याचाच भार जाळ्यावर पडू लागला. तीच नावे पुन्हा पुन्हा मागितली जाऊ लागली. एका ठिकाणची धारिका दुसऱ्या ठिकाणच्या धारिकेशी जुळेनाशी झाली.

या अडचणींवर पॉल मोकापेट्रिस यांनी जॉन पोस्टेल यांच्या सहकार्याने उपाय शोधला. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांची रचना आरएफसी ८८२ व ८८३ या दस्तऐवजांद्वारे प्रसिद्ध झाली. अनुभवान्ती सुधारलेली आवृत्ती १९८७ मध्ये आरएफसी १०३४ व १०३५ म्हणून आली आणि तीच आजही या व्यवस्थेचा पाया आहे. तिचे मर्म अधिकाराच्या वाटपात आहे. मूळ सर्व्हर फक्त शिखरावरील नावांची जबाबदारी कोणाकडे आहे एवढेच सांगतात. ‘रायगड डॉट गव्ह डॉट इन’ हे नाव शोधताना मूळ सर्व्हर ‘इन’ची दिशा दाखवितो, ‘इन’चा सर्व्हर ‘गव्ह डॉट इन’ची, आणि अखेरीस जिल्ह्याच्या नावाची नोंद बाळगणारा सर्व्हर अंकांचा पत्ता देतो. गाव, तालुका, जिल्हा, राज्य असा लहानाकडून मोठ्याकडे जाणारा पत्ता आपण लिहितो, डोमेन नावही त्याच क्रमाने लिहिले जाते. टपाल थैलीप्रमाणे शोध मात्र मोठ्याकडून लहानाकडे होतो.

मूळ रचनेतील दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे तात्पुरती साठवण. प्रत्येक नोंदीसोबत ती किती सेकंद ग्राह्य मानावी याची मुदत दिलेली असते. वापरकर्त्याच्या वतीने शोध घेणारा स्थानिक नामशोधक तेवढा काळ उत्तर जवळ ठेवतो आणि त्याच नावाची पुन्हा विचारणा झाल्यास बाहेर न जाता उत्तर देतो. तिसरा भाग म्हणजे प्रत्येक क्षेत्रासाठी किमान दोन सर्व्हर असावेत हा संकेत. यांपैकी साठवण वेगासाठी, द्विरुक्ती दृढतेसाठी आणि अधिकारवाटप दोन्हींसाठी होते.

वेगाचा प्रश्न

नामशोधास लागणारा वेळ प्रामुख्याने अंतरावर अवलंबून असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते कॅलिफोर्निया हे अंतर १३ हजार किलोमीटरहून अधिक असल्यामुळे एका जाण्यायेण्यास किमान १३० मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातील मार्ग वळणावळणाचा असल्याने हा काळ आणखी वाढतो. कोणतीही नोंद साठवलेली नसेल आणि तिन्ही टप्प्यांवरील सर्व्हर समुद्रापार असतील, तर केवळ नाव शोधण्यातच अर्धा सेकंद सहज खर्ची पडू शकतो. निडीपासून मुंबईपर्यंतच्या सुमारे १०० किलोमीटर तारेत हेच जाणेयेणे जेमतेम १ मिलिसेकंदाचे आहे. उत्तर मुंबईत उपलब्ध असणे आणि अमेरिकेत उपलब्ध असणे यांत शंभरपटींहून अधिक तफावत पडते. यंत्र कितीही शक्तिशाली केले तरी ही तफावत भरून निघत नाही, उत्तरच जवळ आणावे लागते.

उत्तर जवळ आणण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांपैकी साठवणीचा अभ्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेयॉन जंग, एमिल सिट, हरी बालकृष्णन आणि रॉबर्ट मॉरिस यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष जाळ्यावरील विचारणांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखविले की, अखेरच्या पत्त्याच्या नोंदीची मुदत काही शे सेकंदांपर्यंत कमी केली तरी साठवणीचा लाभ फारसा घटत नाही. नावाची जबाबदारी कोणत्या सर्व्हरकडे आहे, ही वरच्या टप्प्यांची नोंद जवळ असणे मात्र अत्यंत मोलाचे ठरते. टपालाच्या भाषेत सांगावयाचे तर घर बदलले तरी चालते, ‘४०२’चा अर्थ लक्षात असला पाहिजे. त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष चिंताजनक होता. त्यांच्या सर्वांत अलीकडील नोंदींत २३ टक्के विचारणांना कोणतेच उत्तर मिळाले नव्हते, आणि अशा निरुत्तर विचारणांची पाकिटे व त्यांच्या पुनरावृत्ती मिळून एकूण वाहतुकीच्या निम्म्याहून अधिक भाग व्यापत होत्या. संथपणाचे एक मोठे कारण अशा प्रकारे बिघाडात दडलेले होते. अस्तित्वात नसलेल्या नावाचा नकारही काही काळ जवळ ठेवावा, हा नियम १९९८ मध्येच आरएफसी २३०८ ने स्पष्ट केला होता.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच सर्व्हरच्या प्रतिकृती अनेक ठिकाणी ठेवणे. उत्तराचे पाकीट ५१२ बाइटांत बसावे या जुन्या मर्यादेमुळे मूळ सर्व्हरांची नावे १३ वर थांबली होती आणि त्यांपैकी १० सर्व्हर अमेरिकेत होते. २००२ नंतर एनीकास्ट ही पद्धत प्रचारात आली. तीत एकच पत्ता अनेक ठिकाणांहून जाहीर केला जातो आणि विचारणा मार्गाने जवळ असलेल्या प्रतिकृतीकडे जाते. नावे १३ च राहिली, परंतु प्रतिकृतींची संख्या आज जगभरात दीड हजारांहून अधिक आहे. २००५ मध्ये मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथे अशा प्रतिकृती कार्यान्वित झाल्या.

दृढतेचा प्रश्न : तीन प्रसंग

जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे दीर्घकाळ अनुपलब्ध झाली. कंपनीकडे चार नामसर्व्हर होते आणि नियमात अपेक्षित असलेल्या संख्येच्या ही संख्या दुप्पट होती. चारही सर्व्हर जाळ्याच्या एकाच भागात असल्यामुळे तेथील मार्गयंत्रणेतील दोषाने ते एकदम बाहेरच्या जगास दिसेनासे झाले. चार विहिरी एकाच झऱ्यावर असल्या तर झरा आटताच चारही कोरड्या पडतात, तसा हा प्रकार होता. यावरून सर्व्हरांच्या संख्येपेक्षा त्यांचे परस्परांवर अवलंबून नसणे महत्त्वाचे, हे स्पष्ट झाले.

२१ ऑक्टोबर २००२ रोजी सर्व १३ मूळ सर्व्हरांवर एकाच वेळी निरर्थक वाहतुकीचा मारा करण्यात आला. तो सुमारे तासभर चालला व त्यातील बहुसंख्य सर्व्हर बाधित झाले. सामान्य वापरकर्त्यांना मात्र तो जवळजवळ जाणवलाच नाही. मूळ सर्व्हरांकडील नोंदींची मुदत दोन दिवसांची असल्याने जगभरातील नामशोधकांजवळ त्या आधीच साठविलेल्या होत्या. वेगासाठी केलेली साठवण येथे दृढतेचे साधन ठरली.

तिसरा प्रसंग निराळ्या स्वरूपाचा आहे. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी नामशोधकाच्या साठवणीत खोटे उत्तर घुसविण्याची अत्यंत सोपी पद्धत उघडकीस आणली. विचारणा व उत्तर यांची जुळणी ६५,५३६ संभाव्य क्रमांकांपैकी एकावर अवलंबून होती आणि हल्लेखोर थोड्याच वेळात तो क्रमांक अचूक ताडू शकत असे. जुलै २००८ मध्ये अनेक उत्पादकांनी एकाच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. ही तात्पुरती डागडुजी होती. उत्तरांवर गणिती स्वाक्षरी असावी, हा उपाय डीएनएससेक या नावाने आधीपासून तयार होता. १५ जुलै २०१० रोजी मूळ क्षेत्रावर अशी स्वाक्षरी लागू झाली. उत्तर मिळणे आणि खरे उत्तर मिळणे हे दोन्ही दृढतेचे निकष आहेत, ही जाणीव या प्रसंगाने रुजली. स्वाक्षरीमुळे उत्तरांचा आकार वाढतो आणि मुदत संपलेली स्वाक्षरी वैध नावासही अदृश्य करते. सुरक्षिततेचे मोल अशा प्रकारे काही अंशी गुंतागुंतीने चुकवावे लागते.

२००४ मधील पर्यायी रचना

वरील अनुभवांच्या पार्श्वभूमीवर संपूर्ण रचनाच नव्याने मांडावी काय, हा प्रश्न संशोधकांनी उपस्थित केला. २००४ मध्ये दोन उल्लेखनीय प्रस्ताव पुढे आले. प्रिन्स्टन विद्यापीठातील क्योंगसू पार्क, विवेक पै, लॅरी पीटरसन आणि झी वांग यांनी कोडीएनएस ही रचना मांडली. स्थानिक नामशोधक वारंवार अल्पकाळ अडखळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. अशा वेळी शेजारच्या संस्थेच्या नामशोधकास विचारावे, हा त्यांचा उपाय होता. तो साधा होता आणि त्यासाठी मूळ व्यवस्थेत बदल करण्याची गरज नव्हती.

कॉर्नेल विद्यापीठातील वेणुगोपालन रामसुब्रमण्यन आणि एमिन ग्युन सिरर यांचा कोडॉन्स हा प्रस्ताव अधिक मूलगामी होता. बहुतेक नावांसाठी किमान आवश्यक असे दोनच सर्व्हर आहेत आणि म्हणून ती नावे दुर्बळ आहेत, हे त्यांनी पाहणीद्वारे दाखविले. श्रेणीबद्ध सर्व्हरांऐवजी समान दर्जाच्या संगणकांचे जाळे उभारावे आणि नोंदी त्यांत गणिती सूत्राने वाटाव्यात, असे त्यांनी सुचविले. अधिक मागणी असलेल्या नोंदींच्या प्रती विचारणेची वाट न पाहता आधीच सर्वत्र पोहोचवावयाच्या होत्या. नोंद बदलल्यास मुदत संपण्याची प्रतीक्षा न करता नवी प्रत पाठवावयाची असल्याने शिळ्या उत्तराचा पेचही सुटणार होता.

प्रायोगिक जाळ्यावर या रचनांनी चांगले परिणाम दाखविले, तरीही जगाने त्या जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. श्रेणीबद्ध व्यवस्थेत प्रत्येक संस्था आपल्या नोंदी आपल्या सर्व्हरवर ठेवते आणि त्या सर्व्हरचा खर्चही स्वतः करते. समान दर्जाच्या जाळ्यात एका संस्थेच्या नोंदी अनोळखी संस्थांच्या यंत्रांवर राहतात. त्यांचा खर्च कोणी करावयाचा व उत्तरदायित्व कोणाचे, याचा निर्णय तांत्रिक आराखड्यात होऊ शकत नाही. या प्रस्तावांशी जुळणाऱ्या कल्पना मात्र पुढे चालू व्यवस्थेत दिसू लागल्या. लोकप्रिय नोंदी मुदत संपण्यापूर्वीच ताज्या करणे आता अनेक नामशोधकांत रूढ आहे. अधिकृत सर्व्हर उत्तर देत नसल्यास मुदत संपलेली नोंद काही काळ वापरावी, ही मुभा २०२० मध्ये आरएफसी ८७६७ ने दिली. मूळ क्षेत्राची संपूर्ण प्रत नामशोधकाने स्वतःजवळच ठेवण्याची पद्धत त्याच वर्षी आरएफसी ८८०६ मध्ये नोंदली गेली. या सर्व सुधारणा उत्तर मागणाऱ्याच्या जवळ आणणाऱ्या आहेत.

केंद्रीकरणाचे युग

एकीकडे तंत्र परिपक्व होत असता दुसरीकडे व्यवहार उलट दिशेने गेला. स्वतःचे नामसर्व्हर सांभाळणे कष्टाचे असल्याने संस्थांनी हे काम मोजक्या सेवादात्यांकडे सोपविले. वापरकर्त्यांच्या बाजूसही तेच घडले. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये आणि क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०१८ मध्ये सार्वजनिक नामशोधक खुले केले. ते वेगवान असल्यामुळे झपाट्याने रुजले. या सेवांनी दर्जा उंचावला हे मान्य करावयास हवे. त्याचबरोबर एका कंपनीतील दोषाचा परिणाम असंख्य नावांवर होण्याची शक्यताही वाढली.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या अमेरिकी नामसेवा कंपनीवर, कॅमेऱ्यांसारख्या घरगुती उपकरणांना वेठीस धरून मोठा हल्ला करण्यात आला. ट्विटर, स्पॉटिफाय, रेडिट अशी संकेतस्थळे अनेकांसाठी बंद पडली. त्या संकेतस्थळांची यंत्रे चालूच होती, त्यांची नावे तेवढी हरवली होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यात देखभालीच्या एका आज्ञेने बिघाड झाला आणि कंपनीच्या नामसर्व्हरांनी आपले मार्ग जाहीर करणे थांबविले. भारतात रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप बंद पडले ते सुमारे सहा तास. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात एका महत्त्वाच्या सेवेची डीएनएस नोंद रिकामी झाली. नोंदी आपोआप बदलणाऱ्या दोन प्रक्रियांचा परस्परांशी मेळ चुकला होता. तिच्यावर विसंबलेल्या असंख्य सेवा जगभर खंडित झाल्या.

तिन्ही घटनांची कारणे वेगळी असली तरी त्यांत एक साम्य आहे. ज्या नावांचे उत्तर देणारी यंत्रणा एकाच कंपनीच्या हाती होती, ती नावे तिच्यासोबत बुडाली. यंत्रे अनेक ठिकाणी होती, नियंत्रण मात्र एक होते. २००१ चा धडा येथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा गिरविला गेला. तेव्हा मार्गयंत्रणा सामाईक होती, आता व्यवस्थापन सामाईक आहे.

मुंबई, ‘इन’ आणि मराठी नाव

या इतिहासात महाराष्ट्राचा सहभाग दुय्यम नाही. भारतातील शैक्षणिक संगणक जाळे अर्नेट १९८६ पासून आकारास आले. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही त्यातील अग्रगण्य संस्था होती. ८ मे १९८९ रोजी ‘इन’ हे देशाचे उच्चस्तरीय नाव भारताकडे सोपविण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे त्याच्या नोंदणीचे काम याच संस्थेने पाहिले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तरी ‘इन’ची नोंदणी कठोर नियमांमुळे मर्यादितच राहिली. जानेवारी २००५ पासून, २००३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या अखत्यारीत, उदार धोरण लागू झाले. तांत्रिक संचालन कराराने आधी अफिलियास व नंतर न्यूस्टार या परदेशी कंपन्यांकडे होते. धोरणाचा अधिकार एकाकडे व यंत्रांचे संचालन दुसऱ्याकडे, ही विभागणी तेथेही दिसते.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ सुरू झाले आणि मराठीचा त्यात समावेश करण्यात आला. १९८३ ची रचना रोमन अक्षरे गृहीत धरून केलेली असल्यामुळे देवनागरी नाव जाळ्यावर जाण्यापूर्वी प्युनीकोड पद्धतीने रोमन अक्षरे व अंकांत रूपांतरित होते. येथे मराठीचे विशेष प्रश्न उद्भवतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोलगट प्रदेश. कोकणातील एखाद्या पर्यटन संस्थेस ही दोन्ही नावे हवीशी वाटावीत अशी आहेत. लेखनात फरक फक्त ‘र’ व ‘ऱ’ यांचा आहे आणि संगणकास ती दोन सर्वस्वी भिन्न नावे आहेत. शिवाय ‘ऱ’ हे अक्षर एका स्वतंत्र संकेताने अथवा ‘र’ अधिक नुक्ता अशा दोन संकेतांनी साठविता येते. डोळ्यांस दोन्ही सारखीच दिसतात. नोंदणी व शोध यांपूर्वी त्यांना एकरूप केले नाही, तर एकाच नावाच्या दोन निड्या होऊन बसतील. दृढतेचा हा पैलू परदेशी प्रयोगशाळेत सहजी लक्षात येणारा नाही. तो मराठी लिपी जाणणाऱ्यांनीच सांभाळावयाचा आहे.

तंत्राची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्याच्या मोठ्या भागात वीज व दूरध्वनी सेवा कोलमडली. तारच तुटली असता कोणताही नामशोधक उपयोगी पडत नाही. तार शाबूत असूनही केवळ नाव सापडत नाही म्हणून सेवा केंद्रात आलेला शेतकरी सातबाऱ्याविना परत जाणे, हा बिघाड मात्र टाळता येण्याजोगा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, नामशोधाच्या वेगातील ठळक वाढ साठवण व प्रतिकृती यांतून, म्हणजे उत्तर जवळ आणण्यातून झाली आहे. दुसरा, दृढता सर्व्हरांच्या संख्येतून येत नसून त्यांच्या परस्परस्वातंत्र्यातून येते. मार्ग, वीज, संगणकप्रणाली आणि व्यवस्थापन यांपैकी काहीही सामाईक असल्यास तेवढ्या प्रमाणात ती कमी होते. तिसरा, वेग व ताजेपणा यांतील ताण कायमचा आहे आणि नोंदीची मुदत ठरविणे हा त्यामुळे धोरणाचाही विषय ठरतो. चौथा, श्रेष्ठ रचनाही खर्च व उत्तरदायित्व यांची तजवीज नसल्यास स्वीकारली जात नाही.

शासकीय कार्यालये व महाविद्यालये यांच्या दृष्टीने यातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. संस्थेच्या नावासाठी किमान दोन वेगवेगळ्या सेवादात्यांकडे नामसर्व्हर असावेत, आपल्या परिसरात साठवण करणारा नामशोधक असावा, नोंदींवर स्वाक्षरी असावी आणि तिच्या मुदतीची जबाबदारी निश्चित व्यक्तीकडे असावी. यांपैकी कशासाठीही मोठे भांडवल लागत नाही. कोणाकडे काय सोपविले आहे याची नोंद ठेवण्याची शिस्त तेवढी लागते. मौजे, तर्फ आणि तालुका यांच्या दप्तरांनी ती शिस्त या भूमीत दीर्घकाळ पाळली आहे. दोन निडींचे कागद वेगवेगळे राहिले ते त्या विभागलेल्या जबाबदारीमुळे. नामशोध व्यवस्थेच्या पुढील आखणीतही याच तत्त्वाचा आधार घेणे हितावह ठरेल.